आर्वीची जीप आणि एक गंज

जुनी जीप विकत घ्यायला साताऱ्याहून कोणी वर्ध्याला जाते काय, असे स्टेशनवर पोहोचवायला आलेल्या प्रत्येकाने मला एकदा तरी विचारले. पुण्यात गाड्या संपल्या काय, असेही विचारले. पुण्यात गाड्या होत्या. पण पुण्याच्या दलालाने दाखवलेल्या दोन जीपांपैकी एकीला पुढची चाके होती आणि दुसरीला मागची, आणि दोन्ही मिळून एक समजा, असा त्याचा प्रेमळ सल्ला होता. तेवढ्यात माझा मामेभाऊ वसंता याने वर्ध्याहून कळवले, की आर्वीच्या एका जिनवाल्याकडे (जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना) लष्करी लिलावातली जीप विकायची आहे आणि माणूस सरळ आहे. मोटार विकणारा सरळ माणूस पाहायला मी याहूनही लांब गेलो असतो.

जीप मला नको होती, ती आक्काला हवी होती. आक्का माझी थोरली बहीण. ती डॉक्टर आहे आणि जावळीच्या खोऱ्यात तिचा बाळंतपणाचा लहानसा दवाखाना आहे. तिच्या वाड्यावस्त्या रस्ता संपल्यावर सुरू होतात. मागच्या वर्षी एका अडलेल्या बाईला आणताना बैलगाडी ओढ्यात रुतली आणि बाई गाडीतच गेली. मूलही गेले. आक्का त्यानंतर बरेच दिवस कोणाशी धड बोलली नाही. मग एके दिवशी म्हणाली, "नाना, चारी चाकांना जोर असलेली गाडी आण. तिच्यात बाई आडवी झोपली पाहिजे आणि ती ओढ्यात थांबता कामा नये. बाकी तुला काय बघायचं ते बघ."

बाकीचे बघण्याची माझी लायकी अशी: मी हायस्कुलात मराठी शिकवतो, आणि पूर्वी एका वकिलांच्या फटफटीवर मागे बसून बराच फिरलो आहे. एवढ्यावर घरात माझी गणना मोटारीच्या जाणकारांत होते. मीही ती होऊ दिली. वाचनालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणून वाचले. त्याचा सारांश असा, की जुन्या गाडीत दोनच गोष्टी बघायच्या, गाडी किती मैल चालली आणि तिला गंज किती चढला. तेव्हा मी एक लोहचुंबक, एक छोटा हातोडा आणि भरपूर संशय बरोबर घेऊन निघालो.

त्याच सुमारास सरकारने नकाशावरची एक रेघ पुसून सातारा आणि वर्धा एकाच राज्यात घातले होते. त्यानिमित्त मी शाळेत भाषण केले होते. आता मराठी माणूस एका छपराखाली आला, बोली एक, शब्द एक, व्यवहारात अडचण म्हणून उरली नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच छपराखाली गुजरातीही आले होते, पण भाषणाच्या ओघात त्यांचा उल्लेख राहून गेला. भुसावळ, अकोला, बडनेरा ही स्टेशने मागे पडताना ते भाषण मला पुन्हा आठवत होते आणि अधिकाधिक पटत होते.

वसंता नालवाडीला राहतो, वर्धा शहराच्या कडेला. सूत काततो, विणतो आणि साधे राहतो. वर्ध्याच्या आसपास साधे राहण्याची इतकी चढाओढ आहे की त्यात टिकायचे तर अंगात रग लागते. शेजाऱ्याने साखर सोडली म्हणून वसंताने गूळही सोडला होता. त्याच्या घरी मला उकडलेला दुधी आणि उकडलेला भोपळा मिळाला. मीठ मागितल्यावर त्याने ते दिले, पण अशा नजरेने दिले की मी चिमूटभरच घेतले.

"उद्या सकाळी आर्वीला जायचं," तो म्हणाला. "देवरावजी इतर दिवशी कापूस बघत खेड्यांतून फिरतात, सोमवारीच सापडतात. फक्त उद्या माझं मौन आहे."

"म्हणजे?"

"सोमवारी मी सूर्यास्तापर्यंत बोलत नाही. लिहूनही दाखवत नाही, ती पळवाट झाली."

वसंता इतकी वर्षे इथे राहून दोन्हीकडची बोली जाणणारा. मी म्हणालो, काही बिघडत नाही, तू नुसता बरोबर ये, भाषा तर एकच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुलगावला मोठी गाडी सोडली आणि आर्वीची छोटी गाडी धरली. ती सुटायला अवकाश होता म्हणून फलाटावरच्या फेरीवाल्याकडे खायला काय आहे ते विचारले. "सांबारवडी," तो म्हणाला. मद्रासी पदार्थाची वडी कशी करतात हे कुतूहल म्हणून घेतली, तर आत कोथिंबीर. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. वडी झकास होती, तिखट आणि कुरकुरीत, आणि आदल्या दिवशीच्या दुधीनंतर तर डोळ्यांत पाणी आले. एक शब्द वेगळा निघाला तेव्हा इकडच्या बोलीतला फरक आपण शिकून घेतला, असे मी मनाशी नोंदवले. वसंता माझ्याकडे बघत राहिला. त्याला काहीतरी म्हणायचे असावे.

छोटी गाडी इतक्या बेताने चालते की खिडकीतून शेते पाहायला सवड मिळते. काळीभोर जमीन, वेचणी होऊन गेलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडे), मध्ये तुरीचे पट्टे. वाटेत एक गृहस्थ चालत्या गाडीतून उतरले, बांधावर जाऊन आले आणि पुढच्या डब्यात चढले. कोणालाही त्याचे नवल वाटले नाही.

देवरावजींचे जिन गावाच्या कडेला होते. आवारात कापसाचे ढीग आणि बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग. देवरावजी काळी टोपी घातलेले, कानात अत्तराचा फाया ठेवणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मेश्राम बसला होता, त्यांचा ड्रायव्हर. लढाईत त्याने लष्कराच्या गाड्या हाकल्या होत्या आणि नुकताच नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला होता. "आता हा मले मालक नाई म्हनत, देवरावजी म्हनते," देवरावजींनी त्याची ओळख करून दिली. "अन् खुर्चीवर बसते. मी म्हनतो, बस बाप्पा, गाडी तं बसूनच चालवा लागते." मेश्राम यावर हसला नाही आणि खुर्चीवरून उठलाही नाही.

"या जी मास्तर, बसा. छोट्या गाडीनं आले म्हंजे अंग दुखत असन," देवरावजी मला म्हणाले. मग वसंताकडे वळले. "अन् हे काऊन गुपचूप हायेत?"

"सोमवार," मी म्हणालो.

"हाव. सोमवार."

वर्धा जिल्ह्यात याहून जास्त खुलासा लागत नाही.

जीप कडुनिंबाखाली उभी होती. रंग उडालेला, पण चारी चाके जागेवर, आणि दोन्ही टोके एकाच गाडीची. पुण्याच्या मानाने ही मोठीच प्रगती होती. मी आडपडदा न ठेवता विचारले, "देवरावजी, स्पष्ट सांगा. गाडीला गंज आहे का?"

देवरावजी विचारात पडले. "गाडीले गंज? नाई जी. लिलावात जशी होती तशी उचलली. तिच्यासंगं गंज नाई भेटला आमाले." थोडे थांबून ते म्हणाले, "तुमाले पायजे का?"

विकणारा माणूस वरून गंज द्यायला निघाला हा विनोद मला फार आवडला. "असला तर द्या की," मी म्हणालो.

"मेश्राम, मास्तरले गंज पायजे म्हनते. घरून एक मोठावाला आनून मांगं ठिवजो."

मी मोठ्याने हसलो. देवरावजी हसले नाहीत. चेहरा कोरडा ठेवून थट्टा करणारी माणसे आमच्याकडे दुर्मिळ झाली आहेत. वसंताने कपाळाला हात लावला. मेश्राम खरोखरच घराकडे गेला आणि एक भलेमोठे पितळी पातेले घेऊन आला. ते त्याने गाडीत मागच्या बाजूला ठेवले आणि पाण्याने भरले. एंजिनासाठी पाणी बरोबर ठेवतो, माणूस काळजीवाहू आहे, असे मला वाटले.

"पन एक गोष्ट सांगून देतो, मास्तर," देवरावजी म्हणाले. "मंग म्हनान का लपवलं. तिले जंग हाये."

"जंग?"

"हाव. गंज जंग हाये. खालून तं पुरी खाल्ली जंगानं."

जंग म्हणजे युद्ध हे मी दर वर्षी मुलांना सांगतो. जंगी, जंग जंग पछाडणे, हे सगळे त्याच घरातले. 'गंज जंग' हा जोडशब्द मात्र नवा होता. चहाबिहा म्हणतात तसे जंगाचे गंजजंग होत असणार, असे मी ठरवून टाकले. एकूण गाडी लढाईतून आलेली होती आणि खालून सुरुंगाचा मार खाल्लेली होती.

"कुठं लागली ही जंग?" मी विचारले.

"कुटं म्हंजे? पान्यात. चार बरसाती उघड्यावर उभी होती ना जी, चिखलात. तवाच लागला."

म्हणजे ब्रह्मदेशची आघाडी. ते जंगल, तो पाऊस, सगळे मला दिसू लागले. 'जंग लागला' हे पुल्लिंग कानाला खटकले, पण पाहुण्याने यजमानाचे व्याकरण सुधारू नये. मी एवढेच म्हणालो, "मग तर गाडीचा मान वाढला. आमच्याकडे अशा गाडीला लोक हौसेनं घेतील."

देवरावजींनी माझ्याकडे आणि मग मेश्रामकडे पाहिले. "ऐक रे. पुन्याकडं जंगाले भाव हाये म्हनते."

या वेळी वसंताने हातवारे सुरू केले. त्याने तळवे एकमेकांवर घासले. वाळलेले पान चुरून दाखवले. शेवटी जमिनीवरून एक तांबडा, झिजलेला खिळा उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरला. टायरमध्ये जाईल म्हणून त्याने उचलला असणार. मी त्याचे आभार मानले आणि खिळा खिशात ठेवला. मौनाने माणसाची दृष्टी अशी सूक्ष्म होते.

मग मी तपासणी केली. चुंबक लावले, ते चिकटले. हातोडीने बोनेट वाजवले, ते वाजले. पांढऱ्या धोतरासकट गाडीखाली सरपटत गेलो. तिथे काळ्या मातीचा असा जाड थर बसला होता की लोखंड दृष्टीस पडत नव्हते. दोनदा ठोकल्यावर ढेकूळ डोळ्यात पडले, तेव्हा खालची बाजू भक्कम आहे असा निष्कर्ष काढून बाहेर आलो.

राहता राहिले मैल. मैलांचा काटा एका आकड्यावर थांबलेला होता.

"हा कधी थांबला?" मी विचारले.

"आमच्याकडं आली तवापासून तोच आकडा हाये," मेश्राम म्हणाला. "वाढत नाई अन् कमी बी होत नाई."

"मग ती चालली किती हे कळायचं कसं?"

"चालली तं गंज चालली," देवरावजी म्हणाले.

पुन्हा तो विनोद. मी पुन्हा हसलो. एका गॅलनात किती जाते, असे विचारल्यावर ते म्हणाले, पेट्रोल असते तोवर जाते. हे उत्तर माझ्या इंग्रजी पुस्तकापेक्षा सरळ होते.

गाडी चालवून बघायला मेश्रामने आम्हाला नाल्याकडे नेले. मी पुढे, वसंता मागे बाकड्यावर, त्याच्या पायांशी पाण्याचे पातेले. नाल्यात गुडघाभर पाणी आणि खाली काळा चिखल, ज्यात पाय घातला तर वहाण तिथेच राहते. मेश्रामने मोठ्या दांड्याशेजारचे दोन छोटे दांडे ओढले. "आता समोरचे चाकं बी लागले," तो म्हणाला आणि गाडी सरळ खाली घातली.

मला कबूल केले पाहिजे, की पुढची दोन मिनिटे मी श्वास रोखून बसलो होतो. आमच्याकडचा तो ओढा माझ्या डोळ्यांपुढे होता. चिखलाने चाके धरली, गाडी कण्हली, बाजूला झुकली, आणि मग चारी चाकांनी मिळून स्वतःला उपसून काढावे तशी पलीकडच्या दरडीवर चढली. आक्काला हेच हवे होते. ती बाई या गाडीत असती तर दवाखान्यात पोहोचली असती.

दरडीवर चढताना मागे काहीतरी खणखणले. वसंताने माझ्या खांद्यावर धपाधप थापा मारल्या. मी म्हणालो, "होय रे, घेतली. घेतलीच समज. आता परत जाताना मी मागे आडवा झोपतो. बाईला किती हिसके बसतात ते कळेल."

मेश्रामने गाडी थांबवली आणि मागे वळून पाहिले. मीही वळलो. पातेले गाडीत नव्हते. ते मागे दरडीच्या कडेला वाटेवर पडले होते. मागचे फळकूट तर बंद होते. मग मी खाली पाहिले. जिथे पातेले ठेवले होते तिथे गाडीच्या तळाला तेवढे भोक पडले होते, आणि भोकातून वर्धा जिल्ह्याची जमीन दिसत होती. कडा तांबड्या, खाल्लेल्या. मी बोट लावले तर पापडासारखा तुकडा हातात आला.

"अरे, हा तर गंज," मी म्हणालो.

मेश्रामने वाटेकडे बोट दाखवले. "गंज तिकडं पडला, मास्तर. हा जंग हाये."

आणि तिथे, आर्वीच्या नाल्याकाठी, वसंताचे कित्येक वर्षांचे सोमवारचे मौन मोडले.

"गंज म्हणजे पातेलं," तो ओरडला. "इकडं गंज म्हणजे पातेलं, आणि गंज म्हणजे पुष्कळ. आणि जंग म्हणजे तुझा गंज. सकाळपासून सांगतोय."

"तू काहीच सांगत नव्हतास."

"खिळा कशाला दिला होता?"

मी खिशातून खिळा काढला. तो तांबडा होता, झिजलेला होता आणि पूर्वीपेक्षा फार बोलका झाला होता.

'गंज जंग हाये.' पुष्कळ गंज आहे. देवरावजींनी पहिल्या पाच मिनिटांत सगळे सांगितले होते, आणि मराठीच्या मास्तरने त्याची ब्रह्मदेशची मोहीम केली होती. मेश्राम खाली उतरून गंज उचलून आणत होता. त्याला एका बाजूने पोचा आला होता. मी त्या भोकाकडे बघत होतो. परतताना मी तिथेच झोपणार होतो, पण माझे काय, मी उठून उभा राहिलो असतो. कळा देणारी बाई कुठे उठणार होती?

जिनमध्ये परतलो तो रागातच. आपली चूक इतकी मोठी असली की राग दुसऱ्यावरच काढावा लागतो. "देवरावजी, ही गाडी विकता? हिच्यात माणूस मरेल."

देवरावजींना ते लागले. "म्या लपवलं का, मास्तर? पहिलेच सांगतलं, खालून खाल्ली म्हनून. तुमीच म्हनता का पुन्याकडं हौसेनं घेते. मले वाटलं, शिकारीले नेत असान. तिकडले लोक जीप अजून कायले घेते? शिकाऱ्याचा पाय भोकात गेला तं जाऊ द्या."

"शिकार कसली? बहीण डॉक्टर आहे माझी. डोंगरातल्या अडलेल्या बायकांना झोपवून आणायची आहे यातून. मागच्या वर्षी एक बैलगाडीत गेली."

देवरावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हे पहिले काऊन नाई सांगतलं?"

त्यांना ते सांगायचे मला सुचले नव्हते. विकणाऱ्याला आपली निकड कळू देऊ नये, असे इंग्रजी पुस्तकात लिहिले होते.

"मंग आज गाडी भेटत नाई तुमाले," देवरावजी उठत म्हणाले. "मेश्राम, मांगं तो जुना बॉयलर पडला हाये ना, त्याचा पत्रा काप म्हना फिटरले. पुरा तळ बदलून टाक. बाई झोपनार हाये तिथं."

"जड होईल, देवरावजी," मेश्राम म्हणाला. "पेट्रोल जास्त पिईन."

"पिऊ दे."

पत्रा कापणे आणि ठोकणे होईतो आम्ही आर्वीलाच राहिलो. देवरावजींच्या घरी गोळाभात होता (भातात शिजवलेले बेसनाचे तिखट गोळे, वरून कडकडीत तेल). तो थेट चुलीवरून गंजात आला. त्यांच्या घरातल्या बाईंनी "मास्तरले अजून गंज वाढा" म्हटले, तेव्हा मी क्षणभर विचार केला आणि पुष्कळ या अर्थाने घेतले. वसंताने जेवताना मीठ मागून घेतले. मौन मोडलेच आहे तर, असे तो म्हणाला. बायकोला सांगू नकोस, असेही म्हणाला.

निघताना गाडी पूर्वीपेक्षा खाली बसली होती. तळाला बॉयलरचा असा पत्रा ठोकला होता की त्यावर हत्तीण बाळंत झाली असती. मेश्राम गाडी पोहोचवायला माझ्याबरोबर येणार होता. पोचा आलेला गंज देवरावजींनी परत मागे ठेवायला लावला. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "तुमीच तं पहिल्या सबदात मांगितला होता. राहू द्या." मग गाडीच्या बोनेटवर थाप मारून म्हणाले, "गंज चालन आता. आरामात जाजो रे, मेश्राम."

ती गंज चालली. अमरावती, अकोला, औरंगाबाद, नगर. एका गॅलनात किती मैल, ते मी सांगणार नाही, कारण पेट्रोलपंपाखेरीज कोणालाही त्यात आनंद होण्यासारखे काही नाही. चढ लागला की एंजिन तापे आणि विहीर शोधावी लागे. विदर्भात मेश्राम कोणत्याही दारी "जरा गंज भरून द्या" म्हणे आणि गंज भरून मिळे. नगरच्या अलीकडे एका बाईला तो तेच म्हणाला. ती गाडीकडे बघून म्हणाली, "आणि कुठं भरायचा, बाबा? सगळा भरलाय की."

मेश्राम माझ्याकडे बघू लागला. मी त्याला समजावून सांगितले. बराच वेळ गाडी हाकल्यावर तो म्हणाला, "म्हंजे तुमी पहिल्या दिशी इचारलं होतं का गाडीले जंग हाये का, अन् देवरावजीनं तुमाले बर्तन देलं."

"होय."

तो पहिल्यांदाच हसला, आणि पुण्यापर्यंत अधूनमधून हसत राहिला.

आक्का दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. तिने गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले, मागचा पत्रा मुठीने ठोकला. "गंज आहे का रे?" तिने विचारले.

"एक आहे. पितळी," मी म्हणालो.

प्रवासाचा शीण आहे, झोप, असे ती म्हणाली.

मेश्राम परत जायचा त्या सकाळी वरच्या वाडीतून दोघे धावत आले. बाई कालपासून अडली होती. आक्का, मी आणि मेश्राम निघालो. जिथे बैलगाडी रुतली होती तो ओढा मेश्रामने छोटे दांडे ओढून पार केला. आक्का ओढ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. वाडीतून बाईला मागे पत्र्यावर घोंगड्या अंथरून झोपवले आणि परत फिरलो. निम्म्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, आक्का म्हणाली, "थांबवा. इथंच."

मी आणि त्या बाईचा नवरा पाठ करून उभे राहिलो. पत्र्यावर टाचा आपटल्याचे आवाज येत होते. तो पत्रा हलत नव्हता. बाईचा नवरा माझा दंड घट्ट धरून होता आणि मी त्याचा.

"पाणी तापवा," आक्का आतून ओरडली. "भांडं आहे का काही?"

"गंज हाये," मेश्राम म्हणाला.

तीन दगडांवर गंज चढला. पोचा आलेल्या बाजूने तो जरा कलत होता, तेव्हा मेश्रामने तिथे हाताने दगड धरून ठेवला. पाणी उकळले, आक्काची हत्यारे त्यात गेली, आणि उन्हे वर आली तेव्हा आतून बारीक, चिडका आवाज आला. बाईही जिवंत होती. नवरा खाली बसला आणि रडू लागला, आणि मी कसेबसे त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो.

थोड्या वेळाने आक्का हात पुसत बाहेर आली. आल्यापासून केव्हातरी मेश्रामने तिला आर्वीची सगळी हकीकत सांगितली असावी, कारण ती आधी त्या कलत्या पातेल्याकडे बघत राहिली आणि मग बॉयलरच्या पत्र्याकडे, ज्यावर ती बाई मूल कुशीत घेऊन झोपली होती.

"नाना," ती म्हणाली, "गाडीत गंज होता म्हणून बरं झालं."

मी मराठीचा मास्तर. त्या वाक्यात मला एकही दुरुस्ती सुचली नाही.